कोअर फ्लडमध्ये डीपी दर वेळी चढतो? खडकाला दोष देण्याआधी हे तपासा

लक्षण आधी सांगते. कोअर फ्लड म्हणजे खडकाच्या दंडगोल तुकड्यातून पाणी किंवा तेल ढकलून ते किती सहज जातं हे मोजण्याचा प्रयोग. कोअर प्लग, म्हणजे तो तुकडा, होल्डरमध्ये बसवला, ब्राइन, म्हणजे मिठाचं पाणी, सोडलं, फ्लो ठरवून दिला. पहिल्या दिवशी डिफरन्शियल प्रेशर, म्हणजे कोअरच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक, आपण ज्याला नुसतं डीपी म्हणतो तो, ०.७ पीएसआयवर (चौरस इंचाला पाउंड). दुसऱ्या दिवशी १.१. तिसऱ्या दिवशी १.९. पंप तोच, फ्लो तोच, खडकही तोच. तेल तर अजून आत गेलेलंच नाही, नुसती पाण्याची पर्मिएबिलिटी, म्हणजे खडक पाणी किती सहज जाऊ देतो ते, काढायची होती, आणि ती हातातून वाळूसारखी निसटत चाललेली.

नवी मुंबईतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी कोअर फ्लडचं युनिट सांभाळते. आमच्याकडे हे एकदा नाही, लागोपाठ तीन कोअरवर झालं. प्रत्येक वेळी निष्कर्ष एकच निघाला, 'क्ले फुगली, खडक बुजला' (क्ले म्हणजे खडकातली चिकणमाती), आणि कोअर बाजूला पडला. बेरिया सँडस्टोनचे हे प्लग ओहायोतून येतात. ऑर्डर दिल्यापासून हातात पडेपर्यंत विद्यार्थ्याचं अर्धं सत्र जातं. पहिला कोअर तर आम्ही काहीही न तपासता टाकून दिला, याचं मला अजून वाईट वाटतं. तो खरंच बिघडला होता का, हे आता कधीच कळणार नाही. ज्यांच्याकडे हेच चालू आहे त्यांनी दुसरा कोअर टाकायच्या आधी हे वाचावं, म्हणून सगळं तपशिलात लिहिते आहे.

आकडा किती यायला हवा, हे आधी कागदावर

बऱ्याच विद्यार्थ्यांना डीपी 'जास्त' वाटतो, पण किती असायला हवा होता हे त्यांनी काढलेलं नसतं. दीड इंची प्लग घ्या. व्यास ३.८ सेंटिमीटर, लांबी ७.५. छेदाचं क्षेत्रफळ ११.३ चौरस सेंटिमीटर. पर्मिएबिलिटी १०० मिलिडार्सी, फ्लो मिनिटाला ०.५ सीसी, आणि पाण्याची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, ३० अंश सेल्सिअसला ०.८ सेंटिपॉइज. डार्सीच्या सूत्रात घातलं की ०.०४४ ॲटमॉस्फिअर येतात, म्हणजे साधारण ०.६५ पीएसआय. समुद्राच्या पाण्याइतकं खारट ब्राइन असेल तर व्हिस्कॉसिटी थोडी जास्त, म्हणून ०.७. आमचा पहिल्या दिवसाचा आकडा बरोबर होता. म्हणजे कोअर नीट बसला होता, स्लीव्हच्या, म्हणजे कोअरभोवतीच्या रबरी वेष्टनाच्या, कडेने पाणी निसटत नव्हतं, आणि जे काही बिघडलं ते नंतर बिघडलं. एवढी एक गोष्ट आधी ठरली तरी निम्म्या शंका मिटतात.

आकडा इतका लहान असल्याचं दुसरं महत्त्व असं, की ०.७ पीएसआयच्या मोजमापात ०.३ ची चूक म्हणजे जवळजवळ निम्मी चूक. ५०० पीएसआय रेंजचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे दाबमापक, लावून हे वाचायला बसलात तर तुम्ही खडक मोजत नाही, उपकरणाचा कंप मोजता. ५ किंवा १० पीएसआयचा लावा. रोज सकाळी पंप बंद ठेवून, दोन्ही टॅप (दाब मोजायला काढलेली नळ्यांची तोंडं) जोडून शून्य बघा आणि वहीत लिहा. ट्रान्सड्यूसरकडे जाणाऱ्या बारीक नळ्यांत हवा अडकली असेल तर आकडा आळसावल्यासारखा हळूहळू सरकतो. तिथला ब्लीड स्क्रू सैल करून पाण्याचा थेंब येईपर्यंत हवा काढा. ट्रान्सड्यूसरबद्दल एवढं पुरे.

चढ कसा आहे ते बघा

डीपी चढला म्हणजे कसा चढला? आमची विद्यार्थिनी सकाळी एक आणि दुपारी एक असं वाचन घ्यायची. दोन टिंबं जोडली की रेघ सरळच येणार. आम्ही लॉगर लावून दर मिनिटाला नोंद घेतली, वेळेऐवजी किती पोअर व्हॉल्यूम (कोअरमधल्या सगळ्या छिद्रांचं मिळून आकारमान) पाणी गेलं त्याच्याशी आलेख काढला, तेव्हा त्या एका रेघेच्या पोटात दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या. एक हळूहळू, न थांबता वर जाणारी. आणि तिच्यावर बसलेली रोजची लाट: सकाळी नऊला खाली, बारापर्यंत वर, संध्याकाळनंतर पुन्हा खाली.

लाटेचं कारण खडकात नसतं. खडकाला घड्याळ कळत नाही. जे रोज ठरावीक वेळेला होतं ते माणसांच्या दिनक्रमातून येतं. आमच्याकडे ते एसीतून आलं.

आमचे लॅबचे मामा रोज संध्याकाळी सातला सगळे एसी बंद करून जातात. वीज वाचवायच्या सूचना आहेत आणि ते त्या मनापासून पाळतात. रात्री खोली ३० अंशांवर जाते. सकाळी नऊला एसी सुरू, बारापर्यंत २४. पाण्याची व्हिस्कॉसिटी ३० अंशांना ०.८० आणि २४ अंशांना ०.९१ सेंटिपॉइज, म्हणजे फरक सुमारे १४ टक्के. डीपीही तेवढाच चढतो. विद्यार्थिनीच्या वहीत 'रोज पहिल्या तीन तासांत डीपी वाढतो, बहुधा फाइन्स मायग्रेशन' (खडकातले बारीक कण सुटून वाहणं) असं लिहिलेलं होतं. ती प्रामाणिकपणे जे दिसलं तेच लिहीत होती. तिच्याकडे खोलीच्या तापमानाचा रकाना नव्हता, आणि तो आखून देणं माझं काम होतं.

तापमानाचा दुसरा घाव कन्फायनिंग प्रेशरवर, म्हणजे कोअर घट्ट धरायला स्लीव्हवर बाहेरून दिलेल्या दाबावर, बसतो. स्लीव्हभोवतीचा द्रव व्हॉल्व्ह बंद करून कोंडलेला असेल तर खोली पाच-सहा अंशांनी तापली की तो द्रव प्रसरण पावू बघतो, जागा मिळत नाही, आणि प्रेशर शेकडो पीएसआयने वाढू शकतं. स्लीव्हचं रबर थोडं दबतं म्हणून सगळं वाढत नाही, पण मऊ, कमी सिमेंट असलेल्या खडकाला तेवढंही पुरतं. त्याची बारीक छिद्रं दाबली जातात आणि प्रेशर उतरल्यावर सगळी परत उघडतीलच असं नाही. कन्फायनिंगवर रिलीफ व्हॉल्व्ह तरी लावा किंवा तो पंप स्थिर प्रेशरच्या मोडवर तरी ठेवा. सगळ्यात चांगलं म्हणजे होल्डर ओव्हनमध्ये ठेवून ४० किंवा ५० अंशांवर चालवा. आपल्या हवामानात खोलीपेक्षा वरचं तापमान धरून ठेवणं सोपं, खालचं कठीण.

कोअरशिवाय चालवा

लाट वजा केली तरी मूळ चढ उरलाच. तेव्हा आम्ही जे आधी करायला हवं होतं ते केलं: बायपास उघडून, कोअर वगळून, त्याच फ्लोने ब्राइन चालवलं.

इंचाच्या आठव्या भागाची स्टीलची नळी असते, तिचं आतलं भोक पावणेदोन मिलिमीटर. अशा एक मीटर नळीतून मिनिटाला अर्धा सीसी पाणी जायला लागणारं प्रेशर पीएसआयच्या हजाराव्या भागांत मोजावं इतकं कमी आहे. म्हणजे बायपासवर डीपी शून्यच दिसायला हवा. आम्हाला ०.४ दिसला.

कारण असं निघालं की वरच्या बाजूचा डीपी टॅप इनलाइन फिल्टरच्या आधी जोडलेला होता. फिल्टर आणि खडक, दोघांचं मिळून प्रेशर आम्ही खडकाच्या नावावर मांडत होतो. फिल्टर उघडला. (उघडण्याआधी पंप बंद, लाइनमधलं प्रेशर पूर्ण उतरवलेलं, आणि कन्फायनिंग सगळ्यात शेवटी उतरवायचं. हा क्रम कधीही उलटा करू नका. आत प्रेशर असताना कन्फायनिंग काढलं तर स्लीव्ह फुटते आणि कोअर तेलाने माखतो.) जाळीवर तांबूस-तपकिरी, बोटाला बुळबुळीत लागणारा थर होता.

दोन गोष्टी एकत्र होत्या त्यात: गंज आणि जिवाणूंची शेवाळासारखी साय. गंज कुठून आला ते एका तासात सापडलं. सगळी लाइन ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलची, पण ॲक्युम्युलेटरच्या, म्हणजे ब्राइन भरून ठेवायच्या सिलिंडरच्या, तोंडाशी एक अडॅप्टर होता, जो घाईत एका वर्कशॉपमधून करून आणलेला, साध्या माइल्ड स्टीलचा. वरून चकचकीत प्लेटिंग, आतून गंजाचं घर. ३५ ग्रॅम लिटरचं खारं पाणी, वर पावसाळ्याची हवा, दुसरं काय होणार. चुंबक फिरवून बघा. ३१६ ला चुंबक जवळजवळ चिकटत नाही, माइल्ड स्टीलला घट्ट बसतो. पाच मिनिटांची तपासणी आहे, आख्ख्या युनिटवर करा.

पाणी, पाणी आणि पाणी

या भागावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण चढत्या डीपीचं मूळ मला सर्वात जास्त वेळा इथेच सापडलं आहे. हेन्री डार्सीने १८५६ साली आपला नियम मांडला तो दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी वाळूच्या गाळण्या तपासताना. आपला कोअर हीसुद्धा एक फार बारीक गाळणीच आहे. पाण्यात जे जे आहे ते ती धरून ठेवणार.

पहिली चूक: ब्राइन एकदाच २० लिटर बनवून कॅनमध्ये ठेवणं. तीन आठवडे तेच वापरायचं. आपल्याकडे ३० अंशांच्या खोलीत, सल्फेट असलेल्या पाण्यात जिवाणू मजेत वाढतात. गंमत म्हणजे हे आमच्यात सर्वात आधी मामांना कळलं होतं. फिल्टरचा थर पाहून मी कॅन उघडायला गेले तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, त्या कॅनला मागच्या आठवड्यापासून वास येतोय. मी झाकण धुऊन ठेवलं होतं." त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आता आमच्या लॉगशीटवर एक रकाना त्यांच्यासाठी आहे: वास, गळती, आवाज, एसीची वेळ. ते रोज भरतात, आणि त्या रकान्याने एकदा पंपाच्या सीलची गळती आम्हाला दोन दिवस आधी सांगितली.

ब्राइन आता पाच-पाच लिटर, त्या आठवड्यापुरतंच बनतं. मोठा प्रयोग असेल तर जिवाणूनाशक घालावं लागतं. बरेच जण सोडियम ॲझाइड वापरतात. ते जबर विषारी आहे, आणि सिंकमध्ये ओतलं तर पाइपातल्या तांब्या-शिशाशी स्फोटक संयुगं करतं. विद्यार्थ्याला एकट्याने ते हाताळू देऊ नका आणि त्याचा कचरा वेगळाच ठेवा.

दुसरी चूक क्षार घालण्याच्या क्रमाची. कृत्रिम समुद्रजलात कॅल्शियम आहे, सल्फेट लिटरला सुमारे २.७ ग्रॅम आहे, बायकार्बोनेट थोडंसं, लिटरला ०.१४ ग्रॅमच्या आसपास. हे सगळे क्षार एकाच बीकरमध्ये, थोड्या पाण्यात एकदम टाकले की जिथे दाट द्रावण होतं तिथे बारीक साका धरतो. मग वरून पाणी ओतलं तरी तो लवकर विरघळत नाही. प्रत्येक क्षार वेगळ्या, भरपूर पाण्यात विरघळवा, मग एकत्र करा आणि बायकार्बोनेट सर्वात शेवटी. एवढं करूनही खोलीत काचेसारखं स्वच्छ दिसणारं ब्राइन ७० अंशांच्या ओव्हनमध्ये गेलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि कॅल्साइटचा बारीक चुरा पडतो, नेमका कोअरच्या तोंडाशी. म्हणून ज्या तापमानाला प्रयोग करायचा त्याच तापमानाला एक बाटली रात्रभर ठेवून सकाळी उजेडासमोर धरून बघा. धुरकट दिसली तर ते ब्राइन कोअरमध्ये सोडू नका.

तिसरी गोष्ट गाळण्याची. साध्या गाळणी कागदाने भागत नाही. ०.४५ मायक्रॉनचा मेंब्रेन, शक्य असेल तर ०.२२ चा. गाळून झाल्यावर व्हॅक्यूम लावून विरघळलेली हवा काढायची. ही हवा फार छळते. २४ अंशांच्या खोलीत हवेने संपृक्त झालेलं पाणी गरम होल्डरमध्ये गेलं की बुडबुडे सुटतात, छिद्रांच्या मानेत अडकतात आणि डीपी धक्क्याधक्क्याने चढतो-उतरतो. बाहेर पडण्याच्या टोकाला बॅक प्रेशर रेग्युलेटर लावून १०० पीएसआय धरले की बुडबुडे विरघळलेलेच राहतात. उलट, कोअर भरतानाच हवा आत राहिली असेल तर ती पाण्यात हळूहळू विरघळते आणि डीपी उतरत जातो. उतरणारा डीपी पाहून खूश होणारे मी पाहिले आहेत. तेही दुखणंच आहे. कोअर व्हॅक्यूम करण्याआधी कार्बन डायऑक्साइडने धुतला तर मागे राहणारा वायू पाण्यात सहज विरघळतो.

आणि एक प्रसंग, जो फक्त आपल्या भागात घडू शकतो. 'खरं समुद्राचं पाणी' हवं म्हणून एका मुलाने ऐरोलीजवळून ठाणे खाडीचं पाणी कॅनभर आणलं. त्याची तळमळ मला कळते. मुंबई हायमध्ये समुद्राचं पाणीच गाळून जमिनीखाली सोडतात, मग आपणही तेच वापरावं असं त्याला वाटलं. पण खाडी म्हणजे भर समुद्र नव्हे. तिवरांच्या मुळांतला गाळ, दोन्ही काठांच्या शहरांचं सांडपाणी, आणि पावसाळ्यात नद्या-नाल्यांच्या गोड्या पाण्याने कमी झालेला खारटपणा. फ्लेमिंगोंना त्या चिखलात अन्न मिळतं, कोअरला मिळत नाही. दोनदा गाळूनही मेंब्रेन काळपट पडत होता. ते पाणी आम्ही वापरलं नाही.

आता खडक

एवढं सगळं बाजूला केल्यावर खडकाकडे या. क्ले खोटी नाही. आमचा दुसरा कोअर खरोखर क्लेने गेला, पण त्याला मारलं आम्ही.

लाइनमध्ये मीठ साठून गंज धरू नये म्हणून एका विद्यार्थ्याने शुक्रवारी संध्याकाळी सगळी लाइन आरओ पाण्याने धुतली. हेतू उत्तम. बायपासचा व्हॉल्व्ह उघडायचा राहिला आणि ते गोडं पाणी कोअरमधून गेलं. सोमवारी डीपी दहापट. बेरियाच्या छिद्रांच्या भिंतींना केओलिनाइट या क्लेचे बारीक कण चिकटलेले असतात. पाण्यात पुरेसं मीठ असेपर्यंत ते चिकटून राहतात. मीठ एका मर्यादेखाली गेलं की विद्युतभारांचं एकमेकांना ढकलणं वरचढ होतं, कण सुटतात, पुढे वाहतात आणि छिद्रांच्या अरुंद मानेत जाऊन बसतात. खिलार आणि फॉग्लर यांनी १९८४ साली ही मर्यादा दाखवून दिली. बेरियात साध्या मिठासाठी ती लिटरला साधारण ४ ग्रॅमच्या आसपास येते. कार्तिक खिलार पुढे पवईच्या आयआयटीत प्राध्यापक होते, म्हणजे हे ज्ञान आपल्यापासून खाडीपलीकडच्या अंतरावर होतं. कॅल्शियम असेल तर ही मर्यादा बरीच खाली जाते. ३५ ग्रॅमच्या समुद्रजलात बेरियाची क्ले सुटणं म्हणूनच अवघड, आणि तिसऱ्या कोअरच्या बाबतीत 'क्ले फुगली' या निदानावर मला तिथेच शंका आली.

खडकच दोषी आहे का, हे कसं ओळखायचं? प्रवाह उलटा करून बघा. सुटे कण मानेत अडकले असतील तर उलट दिशेला पहिल्यांदा डीपी झपकन उतरतो, कण मोकळे होतात, आणि मग दुसऱ्या बाजूच्या मानांत अडकून तो पुन्हा चढतो. खरी फुगणारी क्ले असेल, म्हणजे स्मेक्टाइट, तर दिशेने फरक पडत नाही. जास्त खारट ब्राइन दिल्यावर थोडं परत येतं, एवढंच. आणि बाहेरून आलेला कचरा तोंडावर बसला असेल तर उलट्या प्रवाहात तो सुटून निघून जातो आणि डीपी खालीच राहतो, जर थर फार घट्ट बसला नसेल तर.

तिसऱ्या कोअरवर फिल्टरचे ०.४ वजा जाता १.५ पीएसआय उरले होते. उलट प्रवाहात ते ०.९ वर आले आणि तिथेच थांबले. पुन्हा चढले नाहीत. मग आम्ही कोअर बाहेर काढला आणि पाणी शिरतं त्या तोंडाचे चार मिलिमीटर कापले. कापलेल्या चकतीवर तोच तांबूस रंग, आत जेमतेम एक-दोन मिलिमीटर. उरलेला कोअर नव्या, गाळलेल्या ब्राइनवर पुन्हा बसवला. कमी झालेली लांबी हिशोबात धरून पर्मिएबिलिटी काढली तर ती पहिल्या दिवशीच्या आकड्याच्या अगदी जवळ आली. खडक निर्दोष होता. तो निकाल स्क्रीनवर आला तेव्हा विद्यार्थिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच कोअरवर तिने पुढे प्रयोग पूर्ण केला.

कोअर वाळवण्याबद्दल थोडकंच. क्ले असलेला कोअर १०५ अंशांच्या साध्या ओव्हनमध्ये वाळवला तर क्लेला धरून बसलेलं पाणीही जातं आणि तिचा आकार बदलतो, विशेषतः इलाइट या क्लेच्या तंतूंचा. एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) आरपी ४० या पद्धतीत अशा खडकांसाठी ६० अंश आणि ४० टक्के आर्द्रतेचा ओव्हन सांगितला आहे. जुलैमध्ये आपल्याकडे नुसतं डेसिकेटरबाहेर ठेवलं तरी प्लगचं वजन वाढतं, म्हणून सिलिका जेलचा निळा रंग बघून मगच वजन करा.

चुनखडीवर काम करणाऱ्यांचा प्रश्न निराळा. १९७४ साली सापडलेल्या मुंबई हायचा मुख्य एल-३ थर चुनखडीचाच आहे, त्यामुळे आपल्या भागातले बरेच प्रकल्प त्याकडे वळतात. कॅल्साइटने संपृक्त नसलेलं, विशेषतः कार्बन डायऑक्साइड विरघळलेलं ब्राइन सोडलं तर खडकच विरघळतो आणि डीपी हळूहळू उतरतो. त्याच चुनखडीचा चुरा ब्राइनमध्ये एक दिवस ठेवून, गाळून मग वापरा. वर सांगितलेली कार्बन डायऑक्साइडची धुलाई इथे जपून, आणि पाण्याआधी व्हॅक्यूम नीट लागला आहे याची खात्री करून.

तेल आल्यावरचा चढ

पाणी ठीक चालतं आणि तेल सोडल्यावरच डीपी चढतो, असं असेल तर आधी नळ्यांना हात लावून बघा. मुंबई हायचं क्रूड मेणाळ आहे. ओव्हनमध्ये ७० अंशांना ते पाण्यासारखं वाहतं, पण ओव्हनबाहेर एसीतल्या नळीत आलं की थिजायला लागतं. चढ खडकात नसतो, त्या उघड्या अर्ध्या मीटरमध्ये असतो. नळीला हीटिंग टेप गुंडाळा आणि डीपीचे टॅप ओव्हनच्या आत घ्या.

दुसरं, लाइन धुताना हेक्झेन किंवा पेट्रोलियम ईथर आधी घालू नका. हलक्या अल्केनमध्ये ॲस्फाल्टीन (क्रूडमधला डांबरासारखा जड भाग) विरघळत नाही, उलट बाहेर पडून काळा चिकट थर धरतं. आधी टोल्यूइन, फ्यूम हूडमध्ये, आणि मग बाकीचं.

हे इतकं का छळतं

आमच्या विद्यार्थिनीचा विषय पॉलिमर फ्लडिंग होता, म्हणजे पॉलिमर घालून दाट केलेल्या पाण्याने खडकातलं तेल बाहेर ढकलणं. त्यात पॉलिमर सोडण्याआधीच्या आणि नंतरच्या डीपीच्या गुणोत्तरावर सगळं उभं असतं: रेझिस्टन्स फॅक्टर, आणि नंतर पुन्हा पाणी सोडून काढलेला रेसिड्युअल रेझिस्टन्स फॅक्टर. पाण्याचाच डीपी तीन दिवसांत ०.७ वरून १.९ होत असेल, तर पॉलिमर अजिबात न घालताही तुम्हाला २.७ चा 'परिणाम' दिसेल. तो प्रबंधात जाईल, कुणीतरी तो वाचून पुढचं सिम्युलेशन करेल, आणि ज्या पॉलिमरने काही केलं नाही त्याला श्रेय मिळेल. म्हणून पॉलिमरच्या आधी ब्राइनचा डीपी किमान दहा पोअर व्हॉल्यूमपर्यंत सपाट दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका. आमच्या प्लगचा पोअर व्हॉल्यूम १७ सीसी, म्हणजे १७० सीसी पाणी. ०.५ च्या फ्लोला पावणेसहा तास. एका दिवसाचं काम आहे.

पॉलिमर स्वतःही कमी त्रास देत नाही. पावडर पाण्याच्या भोवऱ्याच्या कडेवर हळूहळू भुरभुरली नाही तर गुठळ्या होतात, वरून फुगलेल्या, आतून कोरड्या. रात्रभर मंद ढवळून, मग मेंब्रेनमधून ठरावीक प्रेशरला गाळायचं आणि सुरुवातीच्या व शेवटच्या सारख्याच मापाच्या द्रावणाला लागणारा वेळ ताडून बघायचा. शेवटी खूप जास्त वेळ लागत असेल तर ते द्रावण कोअरलाही बुजवणार. आणि पाण्यात लोखंड आणि ऑक्सिजन एकत्र असतील तर पॉलिमरच्या साखळ्या तुटतात. तो गंजका अडॅप्टर आमच्याकडे राहिला असता तर त्याने तेही केलं असतं.

जुन्या नोंदींचं आम्ही काय केलं हेही सांगते, कारण हा प्रश्न मला विचारला जातो. पहिल्या दोन कोअरचे सगळे आकडे प्रबंधातून काढले. मार्गदर्शकांशी बोलणं सोपं नव्हतं, सहा महिन्यांचं काम होतं. तिसऱ्या कोअरच्या प्रकरणात फिल्टर, अडॅप्टर आणि कापलेली चकती यांचे फोटो जोडले आणि प्रयोगाची मांडणी कशी बदलली ते स्पष्ट लिहिलं. परीक्षकांनी तोंडी परीक्षेत सर्वात जास्त वेळ त्याच पानांवर घालवला.

सध्या चौथा कोअर होल्डरमध्ये आहे. ओव्हन ५० अंशांवर, वरचा टॅप फिल्टरच्या पुढे हलवलेला, अडॅप्टर ३१६ चा, ब्राइन सोमवारचं. आज पाचवा दिवस. सकाळी मामांनी लॉगशीटवर लिहिलं आहे: 'वास नाही, गळती नाही, एसी ९.१० ला.' त्याशेजारी डीपी ०.४९. कालही ०.४९ होता.